फॉरमॅट मारण्याचे दिवस आणि नंतर

सोमवार, २६ एप्रिल १९९९. त्या सकाळी आपल्याकडच्या अनेक घरांतले आणि कार्यालयांतले कॉम्प्युटर सुरूच झाले नाहीत. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्यांत महिनोन्महिने गप्प बसला होता. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेच्या तारखेला तो जागा झाला, म्हणून लोक त्याला चेर्नोबिलच म्हणू लागले. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा एक एमबी भाग तो शून्यांनी भरून टाकायचा. डिस्कवर काय कुठे ठेवलंय याचा हिशेब त्याच भागात असतो, त्यामुळे पुढची माहिती शाबूत असूनही सापडायची नाही. काही मदरबोर्डांवर तर मशीन सुरू करणारं बायोसच पुसलं जायचं. मग बटण दाबल्यावर पंखा फिरायचा, पण पडदा काळाच राहायचा.

तेव्हापासून आजपर्यंत घरच्या कॉम्प्युटरची निगा कशी बदलत गेली हे पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. रात्र रात्र जागून लोकांनी जे केलं त्यातल्या बऱ्याच खटाटोपाने फारसं काही साधलं नाही. ज्याने खरोखर फरक पडला ते बहुतेक वेळा मशीनमध्येच कुणीतरी बसवून दिलं, तेही आपण न मागता.

त्या काळी घरातला पीसी म्हणजे असेंबल केलेला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इतर गावांत ओळखीतला एखादा हुशार मुलगा. विंडोज ९८ ची सीडी त्याचीच, बहुधा कॉपी मारलेली. मशीन हळू झालं की त्याला फोन जायचा. तो यायचा, दोन-चार फोल्डर उघडून बघायचा आणि म्हणायचा, "काका, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखं होईल." व्हायचंही. सी ड्राइव्ह उडवायचा, डीला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. घरच्यांचं सगळं मात्र डेस्कटॉपवर आणि माय डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे सीवरच असायचं. घरोघरी मुलांचे बारशाचे फोटो असे गेलेत. व्हायरसने जेवढं नेलं त्याहून जास्त फॉरमॅटने नेलं, असं माझं ठाम मत आहे.

मराठी लिहिणाऱ्यांच्या घरी तर वेगळंच दुखणं होतं. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांच्या फाँटांवर चालायचा. फाइलमध्ये साठायचे ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. देवनागरी दिसायची ती केवळ फाँटमुळे. फॉरमॅटनंतर फाइल परत मिळायची, पण फाँट गेलेला आणि पॅकेजची फ्लॉपी कुठे ठेवली ते आठवत नाही अशी अवस्था. एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गावाचा इतिहास असा लिहून ठेवला होता. फाइल उघडली तर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरची खूण. वर्डमधल्या फाँटच्या चौकटीत नाव मात्र अजून दिसत होतं. त्या नावाचा फाँट दुसऱ्या एका मशीनवर सापडला, तेवढी एक छोटी फाइल फ्लॉपीवर आणून टाकली आणि पानं डोळ्यांसमोर मराठीत उलगडली. सरांनी तिथल्या तिथे सगळं छापून घेतलं. असा फाँट ज्यांना मिळाला नाही त्यांच्या वंशावळी, कविता, सोसायट्यांची इतिवृत्तं आजही कुठल्या तरी सीडीवर पडून असतील.

वेग वाढवण्याचा दुसरा उपाय म्हणजे डीफ्रॅग. पडद्यावर रंगीत चौकटी इकडून तिकडे सरकायच्या. डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या फाइली सलग लावण्याचं ते काम. मध्येच कुठल्या तरी प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं की विंडोज ९८ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं. म्हणून जाणकार लोक स्क्रीनसेव्हर बंद करून किंवा सेफ मोडमध्ये जाऊन रात्रभर ते चालू ठेवायचे. त्यातच भारनियमन आणि यूपीएसची जेमतेम दहा मिनिटांची बॅटरी. एवढं करून फरक पडायचा तो थोडाच, कारण बहुतेक घरांत खरं दुखणं रॅमचं होतं. रॅम पुरली नाही की विंडोज डिस्कचाच एक भाग रॅमसारखा वापरतं, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटींनी मंद. तिथे रॅमची आणखी एक पट्टी बसवली की जे व्हायचं ते महिनाभर डीफ्रॅग करून झालं नसतं.

हार्डवेअरकडे आजही लोकांचं लक्ष कमीच जातं. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर थर धरायचा आणि मशीन सुरू करताना लांबच लांब बीप वाजत राहायचे. पट्टी काढून शाळेतल्या खोडरबराने दात हलकेच पुसायचे, भुगा झटकायचा, पट्टी परत टक्क आवाज येईपर्यंत बसवायची. निम्म्या वेळा तेवढ्याने काम व्हायचं. पेन्टियम ४ पासूनचे प्रोसेसर तापले की स्वतःच वेग कमी करतात. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला की मशीन रखडतं, आणि घरचे व्हायरस शोधत बसतात. २००० नंतरच्या काही वर्षांत फुगलेल्या कपॅसिटरची साथच होती. मदरबोर्डवरच्या त्या छोट्या नळकांड्यांची डोकी सपाट असायला हवीत; ती वर आलेली किंवा त्यांवर तपकिरी चिकट डाग दिसला, की वारंवार हँग होण्याचं कारण सापडलं म्हणून समजायचं.

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला आणि तोवरची सगळी पथ्यं अपुरी पडली. फ्लॉपी घालू नका, अनोळखी अटॅचमेंट उघडू नका, हे सगळं पाळूनही इंटरनेटला नुसतं जोडलं की तो शिरायचा. मग पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी आणि मशीन बंद. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच जुलैमध्येच दिला होता, पण घराघरांत तो उतरवणार कोण? डायल-अपवर प्रत्येक मिनिटाला टेलिफोनचं बिल चढत होतं. वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. त्याची पूर्ण फाइल साधारण २६६ एमबीची, म्हणजे डायल-अपवर किमान अकरा-बारा तासांचं काम. आपल्याकडे तो संगणक मासिकांच्या सीडीवरून घरोघरी पोचला. त्याने फायरवॉल मुळातच चालू करून दिली. घरच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी गेल्या पंचवीस वर्षांत झालेलं सगळ्यात मोठं काम मी त्यालाच मानतो, कारण त्यानंतर न समजणाऱ्यालाही संरक्षण मिळालं.

पुढे २००५ पासून बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोकळं असायचं, तेव्हा लोक गजर लावून अपडेट उतरवून घ्यायचे. पण कॉपी मारलेल्या विंडोजची भीती आडवी आली. अस्सल प्रत नसेल तर पडदा काळा करणारी सूचना ऑक्टोबर २००८ मध्ये अपडेटमधून आली आणि घरोघरच्या जाणत्यांनी ऑटोमॅटिक अपडेट बंदच करून टाकले. त्याच महिन्याच्या २३ तारखेला मायक्रोसॉफ्टने एक तातडीचा पॅच काढला. ज्या भोकावर तो होता त्यातूनच पुढच्या महिन्यात कॉन्फिकर हा वर्म पसरला. काळा पडदा टाळायला गेलेली मशीन त्याच्या तोंडी पडली. चोरीच्या सॉफ्टवेअरची खरी किंमत मला त्या वर्षी समोर दिसली.

कॉन्फिकर पेन ड्राइव्हवरूनही फिरायचा, आणि ती वाट आपल्याकडे आधीच मळलेली होती. झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत, कॉलेजच्या लॅबमध्ये एकच पेन ड्राइव्ह सगळीकडे लागायचा. घरी येऊन बघावं तर प्रत्येक फोल्डरच्या आत त्याच नावाचा आणखी एक फोल्डर. तो फोल्डर नव्हेच, फोल्डरचं चित्र लावलेला प्रोग्रॅम. एक प्रकार तर ऑर्कुट उघडलं की 'ऑर्कुटवर बंदी आहे' असं सांगून ब्राउझर बंद करायचा. पुण्यातल्या कैलास आणि संजय काटकर या भावांचं क्विक हील याच काळात घरोघरी पोचलं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या माणसाने उभा केलेला हा उद्योग, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरी पेन ड्राइव्हची साथ आटोक्यात आली त्यात मोठा वाटा एका साध्या बदलाचा होता. पेन ड्राइव्ह लावताच त्यावरचं काही आपोआप चालू होणं विंडोज ७ ने बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ पासून जुन्या एक्सपी-व्हिस्टालाही तोच बदल अपडेटमधून मिळाला.

रजिस्ट्री साफ करणारे, वेग वाढवणारे प्रोग्रॅम याच सुमारास बोकाळले. हजारो चुका सापडल्याचं ते लाल अक्षरांत सांगायचे. त्या चुका काढल्याने मशीन पळू लागल्याचं मी कधी पाहिलं नाही. २०१७ मध्ये तर सीसीक्लीनर या अशाच प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला आणि वीस लाखांहून जास्त मशीनवर तो साफसफाईच्या नावाखाली जाऊन बसला. विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस आतच येतो. घरगुती वापराला तो पुरेसा आहे, असं मी आता निःशंकपणे सांगतो.

वेगाचं कोडं मात्र एसएसडीने सोडवलं. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर हेड सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम सत्तर-ऐंशी ठिकाणी हात घालता येतो, आणि विंडोज सुरू होताना तर हजारो छोटे तुकडे वाचायचे असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही; तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होतं. भंगारात काढायला निघालेल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवल्यावर घरच्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो नवं मशीन घेतल्यावरही दिसत नाही. एसएसडीला डीफ्रॅगची गरज उरली नाही. जागा मोकळी करण्याचं काम विंडोज स्वतःच ठरावीक वेळाने करतं.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा वर्म आला तेव्हा त्याचा पॅच येऊन दोन महिने होत आले होते. त्याने फाइली पुसल्या नाहीत, कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती ते एका दुपारीत मोकळे झाले. पण प्रत कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर असेल तर तीही कुलूपबंद होते. बाहेरची हार्ड डिस्क आठवड्याला लावायची, प्रत घ्यायची, काढून कपाटात ठेवायची. हे काम अजून कुठल्याही मशीनने आपल्याकडून काढून घेतलेलं नाही.

मशीनमध्ये शिरणं अवघड झालं तसे चोर माणसाकडे वळले. ब्राउझरमध्ये अचानक पडदाभर लाल सूचना, भोंग्याचा आवाज आणि खाली 'कंपनीचा' फोन नंबर. फोन केला की पलीकडचा गोड बोलून मशीनचा ताबा देणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतो. एकटे राहणारे ज्येष्ठ यात फसतात तेव्हा पैशांबरोबर त्यांचा धीरही जातो, आणि मुलांच्या बोलण्याने तो आणखी खचतो. त्यांना कृपा करून रागावू नका. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की ती सूचना जाते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. तिथे पहिला तास मोलाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. सातव्या पिढीचा आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, एसएसडी असं धडधाकट मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही म्हणून अडगळीत जाणं मला सहन होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, म्हणजे त्या वर्षीच्या दसऱ्याच्या आत ही मुदत संपेल. ज्या घरी टॅली किंवा डिजिटल सहीचं डाँगल चालतं तिथे मी ही मुदत घ्यायला सांगतो. जिथे ईमेल, बँक, यूट्यूब आणि मराठी टायपिंग एवढंच आहे तिथे लिनक्स मिंट टाकतो, इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून देतो आणि अपडेटचं चिन्ह दिसलं की दाबायचं एवढं दाखवून ठेवतो.