आखडलेली पाठ खरंच आखडलेली असते का?

बनारसच्या मदनपुऱ्यात किंवा अलईपुऱ्यात खड्डामागावर बसलेल्या विणकराचे पाय जमिनीखालच्या खड्ड्यात पावड्यांवर असतात. हात धोट्यामागं धावतात, पाय पावड्या दाबतात. कंबर मात्र तासन्‌तास वाकलेलीच. उठायची वेळ आली की ती सरळ व्हायला तयार नसते. जानेवारीच्या धुक्यातल्या सकाळी तर अधिकच, कारण थंड स्नायू सैल व्हायला वेळ घेतात.

‘सांधे गंजले’ असं आपण म्हणतो. गंमत अशी, की पाठ कितीही आखडल्यासारखी वाटली, तरी मोजमापात ती ताठ असेलच असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या टाशा स्टँटन आणि सहकाऱ्यांनी 2017 साली हे तपासलं. पाठ आखडलेली वाटणाऱ्यांच्या आणि न वाटणाऱ्यांच्या कण्याच्या प्रत्यक्ष ताठरपणात फरक आढळला नाही. मात्र पहिल्या गटाला पाठीवर दिलेला दाब होता त्याहून जास्त वाटला. दाबासोबत आवाज ऐकवला, तर हा अंदाजही बदलत होता. पाठ मात्र होती तशीच. म्हणजे आखडल्याची जाणीव हा बराचसा मेंदूचा सावधपणाचा निर्णय आहे. वेदना खोटी आहे असा याचा अर्थ मुळीच नव्हे.

स्नायूंचाही यात वाटा असतो. स्नायू स्थिर राहिला की ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांतले काही दुवे जुळलेलेच राहतात. पहिल्या दोन-चार हालचालींत ते सुटतात. म्हणून जोर लावून ताणण्यापेक्षा हलक्या, वारंवार हालचाली मला जास्त शहाणपणाच्या वाटतात. शरीर हलवणं सुरक्षित आहे, हे मेंदूला त्यांतूनच पटत जातं.

मात्र सकाळचा ताठरपणा रोज अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल, सांधे सुजत असतील किंवा विश्रांतीनं वाढणारी आणि हालचालीनं कमी होणारी पाठदुखी तीन महिन्यांहून जुनी असेल, तर दाहक संधिवाताची तपासणी करायलाच हवी. तिथं घरगुती उपायांवर वेळ घालवू नये.

‘दर अर्ध्या तासानं उठा’ हा सल्ला नगावर मजुरी मिळणाऱ्या विणकराला महागात पडतो. पण थोडं कापड विणून झालं की ते रुळावर गुंडाळायला त्याला थांबावंच लागतं. तेवढ्यात पाठ मागं झुकवणं, खांदे फिरवणं, खड्ड्यातून पाय वर घेणं सहज जमतं. सल्ला द्यायचाच असेल, तर तो मागाच्या लयीत बसणारा द्यावा.