मंगळावरील दुरुस्ती

घड्याळ बंद पडले, तर घड्याळजी त्याचे झाकण उघडतो, डोळ्याला भिंग लावतो आणि कोणते चाक अडले आहे ते पाहतो. बैलगाडीचा आस मोडला, तर तो सुताराला दुरूनच दिसतो. बिघाड डोळ्यांना दिसला आणि हात तेथवर पोचला, की दुरुस्तीचे अर्धे काम झालेच म्हणावयाचे. परंतु यंत्र कोट्यवधी किलोमीटर दूर असेल, आणि बिघाड चाकात किंवा तारेत नसून यंत्राला चालविणाऱ्या आज्ञांमध्ये असेल, तर तो कसा शोधावा? २००४ साली काही अभियंत्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

त्या वर्षी ४ जानेवारी रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने पाठविलेली ‘स्पिरिट’ नावाची गाडी मंगळ ग्रहावर उतरली. सुमारे सात महिने प्रवास करून ती गुसेव्ह नावाच्या विशाल विवरात पोचली होती. तिला सहा चाके होती आणि पृथ्वीवर तिचे वजन सुमारे १८५ किलो भरत असे. तिच्या पाठीवरील पत्रे सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करीत व ती वीज विद्युत्घटांत साठवीत. मंगळावर पूर्वी कधी पाणी होते काय, याच्या खुणा खडकांत शोधणे हे तिचे मुख्य कार्य होते. मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो. असे नव्वद दिवस तरी गाडीने काम करावे, अशी योजना होती.

गाडीत मनुष्य नव्हता. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे असलेल्या ‘जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी’ या प्रयोगशाळेतील अभियंते तिला रेडिओसंदेशाने आज्ञा देत. त्या वेळी मंगळ पृथ्वीपासून सतरा कोटी किलोमीटरांहून अधिक दूर होता. पृथ्वीवरून निघालेला संदेश तेथे पोचावयास सुमारे दहा मिनिटे लागत आणि उत्तर यावयास आणखी तितकीच.

या आज्ञा समजून घेऊन गाडी चालविण्याचे काम तिच्या पोटातील संगणक करीत असे. संगणक हे यंत्र अत्यंत वेगवान खरे; परंतु आज्ञा दिल्यावाचून ते स्वतः होऊन काहीच करीत नाही. कोणते काम आधी करावयाचे, कोणती माहिती कोठे ठेवावयाची, कोणत्या उपकरणाला केव्हा हाक मारावयाची, ही सारी व्यवस्था एका मोठ्या आज्ञासमूहाकडे सोपविलेली असते. त्याला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ किंवा कार्यप्रणाली असे म्हणतात. वाड्यातील कारभारी जागा झाल्यावाचून वाड्याचा कारभार सुरू होत नाही. त्याचप्रमाणे कार्यप्रणाली सुरू झाल्यावाचून संगणक कोणत्याही उपयोगाचा नसतो.

हा कारभारी जागा कसा होतो, ते एका ग्रंथालयाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अशी कल्पना करू, की ग्रंथपालाचा रोजचा क्रम एका पाटीवर लिहून दाराशी टांगलेला आहे. आत पुस्तकांचे मोठे कोठार आहे आणि ग्रंथपालासमोर एक लहानसे मेज आहे. रोज सकाळी ग्रंथपाल येतो, पाटी वाचतो, कोठारातील सर्व पुस्तकांची यादी करून ती मेजावर पसरतो आणि मग कामाला लागतो. सायंकाळी मेज पुसून स्वच्छ केले जाते. कोठारातील पुस्तके मात्र जशीच्या तशी राहतात.

स्पिरिटच्या संगणकाची रचना अशीच होती. पाटीच्या जागी एक छोटी, कायमची स्मृती होती. काम कसे सुरू करावयाचे याच्या आज्ञा तिच्यात लिहिलेल्या होत्या. कोठाराच्या जागी ‘फ्लॅश’ नावाची २५६ मेगाबाइट क्षमतेची स्मृती होती. गाडीने घेतलेली छायाचित्रे व मोजमापे तिच्यात फायलींच्या रूपाने साठत आणि वीज बंद झाली तरी ती पुसली जात नसत. मेजाच्या जागी १२८ मेगाबाइटची कार्यस्मृती होती. वीज बंद होताच ती कोरी होई. रात्री वीज वाचविण्यासाठी संगणक निद्रिस्त होई आणि सूर्य वर आला, की हा सारा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

सतरा दिवस हे सर्व सुरळीत चालले. अठराव्या दिवशी, म्हणजे २१ जानेवारी रोजी, स्पिरिट ‘अ‍ॅडिरोंडॅक’ असे नाव दिलेल्या एका खडकाजवळ उभी होती. त्या दिवशी तिचा संपर्क एकाएकी तुटला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे गाडीशी बोलणारी मोठी तबकडी आहे. तेथे पाऊस पडत होता, म्हणून प्रथम दोष हवामानाचा असावा असे वाटले. परंतु हवा निवळली तरी गाडीकडून नेहमीची माहिती येईना. दुसऱ्या दिवशी, आज्ञा मिळाली एवढाच अर्थ असलेला एक साधा संकेत तिने पाठविला. गाडी जिवंत होती, परंतु तिला झाले काय होते?

२३ जानेवारी रोजी ती थोडे बोलली. प्रथम सेकंदाला शून्य किंवा एक असे केवळ १० अंक आले. हा वेग सेकंदाला जेमतेम एक रोमन अक्षर एवढाच होतो. मग हा वेग १२० अंकांपर्यंत वाढला. त्या तुटपुंज्या माहितीवरून एक चिंताजनक गोष्ट उघडकीस आली. बुधवारपासून गाडीचा संगणक साठांहून अधिक वेळा बंद पडून पुन्हा सुरू झाला होता! तो जागा होई, काम सुरू करावयास जाई, कोठेतरी अडखळे आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. याहूनही वाईट गोष्ट अशी, की निजण्याची आज्ञा देऊनही तो निजत नव्हता. सूर्य मावळल्यावर वीज निर्माण होत नाही. मंगळावरील रात्र अत्यंत थंड असते आणि जागा राहिलेला संगणक विद्युत्घटांतील शिल्लक वीज खात असतो. घट पूर्ण रिकामे झाले असते, तर गाडी कायमची मुकी होण्याचा धोका होता. अभियंत्यांच्या हाती वेळ थोडा होता.

अशा प्रसंगी मनात येईल ती आज्ञा पाठवून पाहावी, असा मोह होतो. अभियंत्यांनी तो टाळला. हाती असलेल्या माहितीवरून त्यांनी विचार केला. पाठविलेल्या आज्ञेला गाडी उत्तर देत होती. अर्थात तिचा रेडिओ ठीक होता. संगणक प्रत्येक वेळी सुरू होण्याचा प्रयत्न करीत होता. अर्थात पाटीवरच्या आज्ञा शाबूत होत्या. पुन्हा पुन्हा घडणारा घोटाळा आरंभीच्या टप्प्यावरच होत होता. त्या टप्प्यावर संगणक काय करतो? तो फ्लॅश स्मृतीचे कोठार उघडतो. तेव्हा संशय कोठारावर आला.

संशय खरा की खोटा, हे पाहण्याचा मार्ग सरळ होता. कोठार उघडूच नये, पाटी वाचावी आणि रिकाम्या मेजावर जमेल तेवढेच काम करावे, अशी आज्ञा संगणकाला द्यावयाची. सुदैवाने गाडी तयार करणाऱ्यांनी अशा अडचणीची कल्पना आधीच करून ही सोय करून ठेवली होती. २४ जानेवारीस ती आज्ञा गेली आणि संगणक फ्लॅशचा वापर न करता सुरू झाला. तो पुन्हा अडखळला नाही. सांगितलेले ऐकू लागला व सांगितल्या वेळी निजलाही. प्रकल्पाचे व्यवस्थापक पीट थायसिंगर यांनी त्या दिवशी वैद्याच्या भाषेत सांगितले, की रुग्णाची प्रकृती आता अत्यवस्थ नसून केवळ गंभीर आहे. त्यानंतर थोड्याच वेळात स्पिरिटची जुळी बहीण ‘ऑपॉर्च्युनिटी’ मंगळाच्या दुसऱ्या बाजूस सुखरूप उतरली.

गाडी सुरू झाली, परंतु दुरुस्ती संपली नव्हती. कोठारात नेमके काय बिघडले होते, हे शोधावयाचे होते. ते पुसून टाकणे सोपे होते. परंतु त्यात गाडीने मंगळावर जमविलेली माहिती होती. शिवाय, बिघाडाचा पुरावाही तेथेच होता. तो पुसला, तर तोच बिघाड पुन्हा उद्भवण्याची भीती कायम राहिली असती. म्हणून अभियंत्यांनी कोठार तपासले आणि उपयुक्त माहिती पृथ्वीवर उतरवून घेतली.

तपासाअंती कारण सापडले ते आश्चर्यकारक होते. फ्लॅश स्मृतीचा एकही भाग मोडलेला नव्हता. ती भरूनही गेली नव्हती. मात्र सात महिन्यांच्या प्रवासात जमलेल्या जुन्या फायली आणि मंगळावर रोज भर पडणाऱ्या नव्या फायली मिळून त्यांची संख्या फार वाढली होती. आरंभी कार्यप्रणाली या सर्व फायलींची यादी कार्यस्मृतीत मांडीत असे. यादी वाढत वाढत इतकी मोठी झाली, की तिच्यासाठी राखलेली जागा अपुरी पडली. ग्रंथालयाच्या भाषेत बोलावयाचे, तर कोठारात जागा होती, परंतु यादी मेजावर मावेना. यादी मावत नाही, म्हणून ग्रंथपाल सारे आवरून पुन्हा पहिल्यापासून तीच यादी मांडावयास घेई आणि अर्थातच ती पुन्हा मावत नसे. साठ वेळा केलेल्या त्याच प्रयत्नाचे साठ वेळा तेच फळ मिळाले, यात नवल ते काय?

कारण कळल्यावर उपाय कठीण नव्हता. निरुपयोगी फायली काढून टाकण्यात आल्या. पुढे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश स्मृती संपूर्ण पुसून नव्याने मांडण्यात आली. त्याच आठवड्यात स्पिरिटने अ‍ॅडिरोंडॅक खडकाचा पृष्ठभाग घासून त्याचे अंतरंग उघडे केले. मंगळावरील खडक असा घासून पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. एप्रिल महिन्यात दोन्ही गाड्यांना सुधारलेल्या आज्ञा पाठविण्यात आल्या.

शाळेतील किंवा घरातील संगणक सुरू होत नाही, तेव्हाही हीच रीत उपयोगी पडते. प्रथम विजेची जोडणी नीट आहे काय, हे पाहावे. संगणकाला बाहेरून जोडलेली अनावश्यक उपकरणे काढून ठेवावीत. मग त्याला कमीत कमी साहित्यावर सुरू करून पाहावे. विंडोज या कार्यप्रणालीत यासाठी ‘सेफ मोड’ नावाची सोय आहे. तिच्यात अत्यावश्यक तेवढेच भाग सुरू होतात. अशा रीतीने संगणक सुरू झाला, तर दोष वगळलेल्या भागांपैकी एखाद्यात असण्याचा संभव अधिक असतो. तो एकेक भाग तपासून शोधता येतो. संगणक तरीही सुरू झाला नाही, तर पेनड्राइव्हवर ठेवलेली दुसरी कार्यप्रणाली त्यावर चालवून पाहता येते. तीही चालली नाही, तर यंत्राच्या भागांवर संशय घेणे योग्य ठरते. ती चालली, तर सर्वप्रथम आतील महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. सारे पुसून कार्यप्रणाली नव्याने बसविणे हा उपाय खात्रीचा वाटतो. परंतु पुसलेले निबंध, हिशेब व छायाचित्रे त्यामुळे परत येत नाहीत. म्हणून तो सर्वांत शेवटी करावा. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करणेच इष्ट होय. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत नेहमीच वेगळी ठेवली, तर असा प्रसंग आला तरी फारसे नुकसान होत नाही.

स्पिरिटचे पुढे काय झाले? नव्वद दिवसांसाठी पाठविलेली ती गाडी सहा वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिली. २००६ साली तिचे पुढचे उजवे चाक कायमचे अडकले. तेव्हापासून ती ते चाक फरफटत उलटी चालू लागली. २००७ साली त्या फरफटणाऱ्या चाकाने उकरलेल्या मातीखाली एक पांढरट थर दिसला. तो जवळजवळ शुद्ध सिलिकाचा होता. असा थर बनण्यास उष्ण पाणी किंवा वाफ लागते. ज्या पाण्याच्या खुणा शोधावयास ती गेली होती, त्यांतील ही एक मोलाची खूण अशा रीतीने एका निकामी चाकाने उघड केली. २००९ साली ती मऊ मातीत रुतली आणि २२ मार्च २०१० रोजी तिचा शेवटचा संदेश पृथ्वीवर आला. तोपर्यंत तिने साडेसात किलोमीटरांहून अधिक वाटचाल केली होती.

अठराव्या दिवशी ती मुकी झाली, तेव्हा घाबरून कोणी भलतीच आज्ञा पाठविली असती किंवा आशा सोडून दिली असती, तर पुढची ही सहा वर्षे मानवाला लाभली नसती. गाडीला हात लावणे कोणालाही शक्य नव्हते. काय चालते आणि काय चालत नाही, याचा शांतपणे केलेला विचार मात्र सतरा कोटी किलोमीटरांच्या पलीकडे पोचला.