यात्रेची गाडी : नवी की जुनी?

ताडकळसहून जिंतूरजवळील नेमगिरीच्या दर्शनास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणे स्वस्त खरे. परंतु ट्रॉली मालासाठी असते, अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी सामान्य कुटुंबास परवडते ती जुनी जीपच. तिचे इंजिन सारेच ऐकतात, कागद क्वचितच कोणी वाचतो! नोंदणीपुस्तकात बँकेचा बोजा असेल आणि मूळ मालकाचे हप्ते थकले, तर गाडी नव्या मालकाच्या दारातून उचलली जाऊ शकते. म्हणून पूर्ण रक्कम देण्यापूर्वी बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना 35 हाती घ्यावा. हस्तांतरणासाठी नमुना 29 व 30 लागतात. विमा 14 दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी कंपनीस कळवावे.