लाल भोपळ्याचे सूप

लाल भोपळ्याचे सूप हा भोपळ्याचा गर कांद्यासह शिजवून व घोटून केला जाणारा दाट, पातळसर पदार्थ आहे. लाल भोपळ्यास तांबडा भोपळा, काशीफळ किंवा डांगर असेही म्हणतात. हे फळ मूळचे अमेरिका खंडातील आहे. महाराष्ट्रात त्याची भाजी, भरीत व घारगे रूढ आहेत. सुपाचा दुसरा मुख्य घटक कांदा असून, अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगाव (ता. नेवासा) कांद्याच्या बाजारपेठेसाठी परिचित आहे.

कृती

चार जणांसाठी ५०० ग्रॅम भोपळा सोलून, बिया काढून चिरावा. दोन चमचे तुपात जिरे, आले व एक कांदा मऊ होईपर्यंत परतावा. त्यात फोडी, मीठ व त्या बुडतील इतके पाणी घालून १५ ते २० मिनिटे शिजवावे. कोमट झाल्यावर घोटून पुन्हा गरम करावे.

दाटपणा व पोषण

सुपाचा दाटपणा प्रामुख्याने गरातील पिष्ट व पेक्टिन यांमुळे येतो. त्यामुळे साय ऐच्छिक ठरते. ती आच बंद केल्यावर घालावी, म्हणजे फाटत नाही. गराचा रंग बीटा-कॅरोटीनचा असून शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. ते शोषले जाण्यास स्निग्ध पदार्थाची मदत होते. म्हणून थोडे तूप उपयुक्त असते.

दक्षता

शिजवण्यापूर्वी कच्च्या फोडीचा कण चाखावा. तो कडू लागल्यास थुंकून संपूर्ण फळ टाकून द्यावे. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांमुळे येतो. ती शिजवून नष्ट होत नाहीत आणि त्यांमुळे तीव्र उलट्या व जुलाब होऊ शकतात. गूळ वा साय घालून कडू चव झाकणे धोक्याचे आहे.