फ्लॅगमधल्या ९९ चा अर्थ

सॅम फाइल ही जनुकीय वाचनाची नोंदवही असते. यंत्राने वाचलेला डीएनएचा प्रत्येक तुकडा संदर्भ जीनोमवर कुठे बसला, हे तिच्यात ओळीने लिहिलेले असते. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या ग्रँड नैन केळीचे तुकडे जुळवायचे, तर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला ११ गुणसूत्रांचा 'मुसा अक्युमिनाटा'चा जीनोम संदर्भाला घेता येतो.

ओळीतला दुसरा रकाना फ्लॅगचा. बारा 'हो की नाही' प्रश्नांची उत्तरे तिथे एकाच संख्येत मावतात. प्रश्नांना १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढत २०४८ पर्यंत किमती असतात. 'हो' आलेल्यांची बेरीज म्हणजे फ्लॅग. अशी बेरीज एकाच प्रकारे फुटते, हीच यातली खुबी.

९९ म्हणजे ६४+३२+२+१. तुकडा जोडीतला आहे (१), जोडी नीट बसली (२), जोडीदार उलट्या धाग्यावर आहे (३२), हा जोडीतला पहिला (६४). जोडीदाराच्या ओळीत मग १४७ दिसतो: १२८+१६+२+१.

४ म्हणजे तुकडा कुठेच बसला नाही. २५६ दुय्यम जागेचा, २०४८ पूरक जुळणीचा. केळीत जास्त जपायचा तो १०२४, म्हणजे नक्कल तुकडा. ग्रँड नैनमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असतात. एकाच संचातला बदल साधारण एक तृतीयांश तुकड्यांत दिसायला हवा. नकला मोजल्या की हे प्रमाण बिघडते. सॅम फाइल हाताळणाऱ्या सॅमटूल्स या साधनात वगळण्यासाठी ३३३२ ही संख्या दिली, की हे चारही प्रकार एकदम गाळले जातात.