पेन्शनपुऱ्यापासून पॅरिसपर्यंत

हिंगोली शहरात परगावचा मनुष्य पत्ता विचारीत निघाला म्हणजे त्याच्या कानी पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा अशी नावे पडतात. आणि ज्या परिसराची ओळख आज हळदीच्या बाजारपेठेमुळे, औंढा नागनाथामुळे आणि संत नामदेवांच्या नर्सीमुळे आहे, तेथे ही फौजी नावे कोठून आली, हा प्रश्न तेथल्या शाळकरी मुलालाही केव्हा ना केव्हा पडतोच. त्याचे उत्तर देणारे कागद मात्र हिंगोलीत नाहीत. ते हैदराबादेत आहेत, दिल्लीत आहेत आणि बरेचसे लंडनमध्ये आहेत. ‘आंतरराष्ट्रीय इतिहास’ या विषयात डॉक्टरेट करणे म्हणजे काय, हे सामान्य वाचकाला सांगायचे झाले, तर मला हिंगोलीच्या या मोहल्ल्यांहून सोयीचा आरंभ दिसत नाही.

या वस्त्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेच्या छावणीतून उद्भवल्या. ही फौज निजामाच्या खजिन्यातून पोसली जाई, परंतु तिच्यावर हुकमत इंग्रज अंमलदारांची असे; तिच्यातील शिपाई बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातून भरती होत, आणि नोकरी संपल्यावर त्यांतील कित्येक परत न जाता येथेच राहिले. पेन्शनपुरा हे नावच त्याची साक्ष देते. या फौजेचा पगार निजामाकडे थकला म्हणून 1853 साली कंपनी सरकारने त्याच्याकडून वऱ्हाड प्रांत आपल्या कारभाराखाली घेतला, आणि हिंगोलीच्या उत्तरेस वाहणारी पैनगंगा ही तेव्हापासून दोन भिन्न राजवटींमधील सीमा झाली. पुढे 1902 मध्ये सालीना 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात तोच वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला, लगोलग ही फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि 1903 साली हिंगोलीची छावणी मोडली. येथे स्थानिक इतिहासाचे पुस्तक मिटते. परंतु फौजेची कथा मिटत नाही. कंटिंजंटच्या घोडदळातून घडलेल्या ‘डेक्कन हॉर्स’ने 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणधुमाळीत, हाय वुड या रानाजवळ भाले सरसावून चाल केली, आणि कंटिंजंटच्या पायदळाची 1922 मध्ये ‘19वी हैदराबाद रेजिमेंट’ झाली, तिलाच 1945 मध्ये कुमाऊँ रेजिमेंट हे आजचे नाव मिळाले.

एका गावाच्या मोहल्ल्याचा धागा धरून जो अभ्यासक असा सोमच्या खंदकापर्यंत व हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जातो, त्याने जाणता-अजाणता आंतरराष्ट्रीय इतिहासात पाऊल टाकलेले असते. हा विषय विद्यापीठांत प्रथम आला तेव्हा त्याचे क्षेत्र राजांचे तह, वकिलांचे खलिते आणि युद्धाचे निमित्त-कारण एवढेच होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये 1932 साली चार्ल्स वेबस्टर या विषयाचे प्राध्यापक झाले तेव्हा त्यांचाही व्यासंग युरोपीय राजनीतीचाच होता. आज त्या क्षेत्राची हद्द पुष्कळ विस्तारली आहे. सीमा ओलांडणारे सर्व काही, मग तो शिपाई असो, कापसाची गासडी असो, बँकेतील रक्कम असो वा एखादी राजकीय कल्पना, त्याच्या कक्षेत येते. आंतरराष्ट्रीय संबंध हा जो राज्यशास्त्रातील विषय, त्याच्याशी याची गल्लत होते म्हणून एवढे स्पष्ट केले पाहिजे, की राज्यशास्त्रज्ञ राष्ट्रांच्या वर्तनातील सर्वसाधारण नियम शोधतो, तर इतिहासकार एका विशिष्ट प्रसंगी कोणी काय लिहिले, कोणी काय दडवले आणि का, हे एकाहून अधिक राज्यांची दप्तरे समोरासमोर ठेवून पाहतो.

दप्तरे समोरासमोर ठेवणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण हिंगोलीच्याच बाजारातले आहे. निजामाच्या चाकरीत असलेला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने 1839 मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या ठगाच्या कबुलीजबाबाच्या कादंबरीला जो उपोद्घात जोडला आहे, त्यात हिंगोली छावणीतील हरिसिंग नावाच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत येते. या व्यापाऱ्याशी खुद्द टेलरचा व्यवहार होता. मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून हरिसिंगाने मुलकी अंमलदाराकडून परवाना घेतला. वस्तुतः ते कापड दुसऱ्याच एका सावकाराचे असून तो ते घेऊन वाटेवर होता. त्याचा, त्याच्या नोकरांचा व गाडीवानांचा वाटेत खून करून हरिसिंगाने तो माल त्याच सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड उघड विकला. कथा अंगावर काटा आणणारी आहे. परंतु डॉक्टरेटचा विद्यार्थी काट्यापाशी थांबू शकत नाही. ही हकीकत टेलरला कोणाकडून कळली, आणि जो कबुलीजबाब देऊन मनुष्य माफीचा साक्षीदार होत असे त्या जबाबावर किती विसंबावे? ठगीच्या बंदोबस्ताने कंपनीला निजामाच्या मुलखात हात घालण्याची सवड मिळाली काय? आणि परवाना देणाऱ्या कचेरीची बाजू कोणत्या दप्तरात सापडेल? ठगीच्या प्रश्नावर किम वॅग्नर या इतिहासकाराचा 2007 सालचा जो ग्रंथ आहे, तो अशाच प्रश्नांतून घडलेला असून, ठग म्हणजे निव्वळ इंग्रजांची कल्पना असे तो म्हणत नाही आणि इंग्रजांचे प्रत्येक विधानही प्रमाण मानीत नाही. या दोहोंमधली वाट चालण्यास चार-पाच वर्षे लागतात, आणि पीएच.डी.चा काळ मुख्यतः त्यातच जातो.

याहून जवळचे आणि मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचे उदाहरण 1948 चे आहे. दर वर्षी 17 सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. त्याच्या आदल्याच दिवशी, 16 सप्टेंबर 1948 रोजी, पॅरिस येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हैदराबादचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आला होता, हे किती जणांना ठाऊक असेल? निजाम सरकारने 21 ऑगस्टलाच परिषदेकडे तक्रार गुदरली होती; निजामाचे मंत्री नवाब मोईन नवाज जंग तिकडे बाजू मांडण्यास गेले होते, आणि भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार बोलत होते. त्याच वर्षी सिडनी कॉटन नावाचा एक वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे हैदराबाद संस्थानात उतरवीत होता. इकडे पैनगंगेपलीकडील उमरखेडच्या कॅम्पात स्टेट काँग्रेसचे तरुण सरहद्द ओलांडून निजामाच्या पाठीराख्या रझाकारांशी झुंजण्याची सिद्धता करीत होते. एकाच घटनेचे हे तीन देखावे, आणि त्यांतील एकही बाकीच्या दोहोंवाचून पुरता कळत नाही.

पैशाची गोष्ट तर अद्भुत आहे. निजामाने शस्त्रे खाली ठेवल्यानंतर तीनच दिवसांनी, 20 सप्टेंबरला, मोईन नवाज जंग यांच्या ताब्यातील खात्यातून सुमारे दहा लाख पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानचे हायकमिशनर रहिमतुल्ला यांच्या नावे वळते झाले. ती रक्कम बँकेतच अडकून पडली, व्याजाने फुगत जाऊन साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली, आणि अखेर 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळून निजामाचे वारस व भारत यांच्या बाजूने निर्णय दिला. एकाहत्तर वर्षे चाललेल्या या वादात पुरावा म्हणून पुढे आले ते त्या आठवड्यातील कागद. इतिहासाच्या कागदाला व्यवहारात किंमत नसते असे म्हणणाऱ्यांनी हा खटला मुळातून वाचावा.

अशा विषयाला हात घालणाऱ्याने आपल्याला अप्रिय असलेलेही वाचण्याचे धैर्य ठेवले पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी मराठवाड्याच्या घराघरांत आहेत, त्या खऱ्या आहेत आणि त्यांची नोंद झालीच पाहिजे. परंतु भारतीय फौजेच्या ‘पोलीस कारवाई’नंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 च्या अखेरीस केली, मृतांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान धरला, आणि तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला, हेही तितकेच खरे आहे. लंडनच्या ज्या शिक्षणसंस्थेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली, तेथील आंतरराष्ट्रीय इतिहास विभागातल्या टेलर शर्मन यांनी 2015 साली स्वतंत्र भारतातील हैदराबादच्या मुसलमानांवर ग्रंथ लिहिला. वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावचे नाव लावणारे, स्वतः डॉक्टरेट न घेतलेले नरहर कुरुंदकर हैदराबादच्या विलीनीकरणावर कितीतरी आधी मूलगामी लिहून गेले होते. व्यासंग पदवीवाचून होऊ शकतो, हे मला कुरुंदकरांकडे पाहून नेहमी वाटते. परंतु लंडन व दिल्लीच्या दप्तरखान्यांचे दार सहजासहजी उघडण्यास मात्र पदवीची वाट उपयोगी पडते.

आता त्या वाटेचा तपशील. हिंगोलीचा विद्यार्थी बहुधा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे वळतो. ‘पेट’ ही प्रवेशपरीक्षा किंवा नेट, मग गाईड मिळवणे, संशोधन सल्लागार समितीपुढे सिनॉप्सिस, कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, शेवटी प्रबंध व व्हायवा. 2022 च्या नियमांप्रमाणे यास कमीत कमी तीन आणि सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय अभ्यासशाळा आहे, तिचे मूळ 1955 सालचे. इंग्लंडात कोर्सवर्कचा भार हलका असतो व तीन-चार वर्षांत प्रबंध मागतात. अमेरिकेत आधी दोन-तीन वर्षे अध्ययन, परीक्षा, परभाषेची कसोटी, आणि मग संशोधन. खर्चाची चिंता मोठी. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना आधार देते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून मात्र 2022 मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय वगळण्यात आले. पेन्शनपुऱ्यातल्या मुलीने आपल्याच मोहल्ल्याचा इतिहास लंडनच्या कागदांतून शोधायचे म्हटले, तर ही शिष्यवृत्ती तिच्या कामाची नाही. हे मला मनापासून खटकते. कारण जे कागद परक्यांनी नेले ते वाचण्यासाठी जाणाऱ्यालाच आपण हात आखडता घेतला.

आणि तरीही, त्या मुलीपाशी जे आहे ते लंडनच्या विद्यार्थ्यापाशी नाही. हैदराबादच्या दप्तरात 1884 च्या सुमारापर्यंत फारसी व पुढे उर्दू चाले, गावपातळीचा मराठी मजकूर मोडीत असे, आणि रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार इंग्रजीत. या चारही पायऱ्या हिंगोलीत वाढलेल्या मुलीला अगदीच परक्या वाटत नाहीत, कारण उर्दू तिने गल्लीत ऐकलेली असते आणि अव्वल तालुकदार, जमाबंदी, सर्फेखास हे शब्द आजोबांच्या तोंडी असतात. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी याच मातीत वाढले, संस्थानच्या नोकरीत राहिले, आणि फारसी साधने मराठीत आणण्यात त्यांनी आयुष्य वेचले. या फारसी-उर्दू कागदांच्या शिकस्ता लिपीत नुक्ते गाळलेले असतात, अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात, आणि पहिले काही आठवडे दिवसाकाठी एखादे पान उलगडले तरी पुष्कळ. परंतु ‘छावणी हिंगोली’ एवढे दोन शब्द एकदा ओळखू आले की डोळा हळूहळू बसत जातो.

1956 मध्ये हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटले गेले, मराठवाड्याची माणसे मुंबई राज्यात आली आणि मध्यवर्ती दप्तर हैदराबादेतच राहिले. 1999 च्या 1 मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा झाला, म्हणून जुन्या यादीत परभणीच शोधावी लागते. पूर्णा-अकोला मार्गावरील हिंगोलीचे स्टेशन अजूनही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेकडे आहे. संध्याकाळच्या गाडीने निघावे, पूर्णेला गाडी बदलावी, आणि सकाळी हैदराबादेतील तार्नाक्याच्या अभिलेखागारात जाऊन, वहीवर नाव लिहून, पहिला बस्ता मागवावा.