सायकल घरच्या पान्याने – लेखांक ९ : कॅरिअरचे ओझे नेमके कुठे जाते?

गेल्या आठवड्यात चेनचा ताण पाहिला, म्हणून आज लगेच कॅरिअर घेतो. साध्या काळ्या सायकलवर चेनचा ताण आणि कॅरिअरचे पाय हे दोन्ही एकाच नटाखाली येतात. एकाला हात लावला की दुसरे हलतेच.

वर्धा जिल्ह्यात कॅरिअरवर काय लादत नाहीत? सरकीच्या ढेपेचे पोते, चाऱ्याचा भारा, वेचलेल्या कापसाचे गाठोडे, दुधाचे कॅन, आणि शाळा सुटल्यावर धाकटे भावंड. कॅरिअर बसवताना मात्र सगळे लक्ष वरच्या पट्टीकडे असते. सीटखालून उतरणाऱ्या दोन नळ्यांना धरणारी ती पट्टी करकचून आवळली, की काम झाले असे वाटते. खरे तर पट्टीचे काम वजन पेलण्याचे नाही. ती कॅरिअरला मागे-पुढे कलू देत नाही, एवढेच. वजन पायांतून उतरून मागच्या चाकाच्या आसावर जाते. म्हणून काम खालून सुरू करायचे.

आसावर फ्रेमच्या खाचेबाहेर आधीच गर्दी असते. फ्रेमला चिकटून स्टँड, मग मडगार्डची तार, आता त्यावर कॅरिअरचा पाय, शेवटी वायसर आणि नट. इतके सगळे ओवल्यावर नटाला आटे पुरतात का, हे बघा. आसाचे टोक नटाच्या तोंडाबरोबर किंवा थोडे बाहेर आलेच पाहिजे. नट अर्ध्याच आट्यांवर धरला असेल तर तो रिकाम्या सायकलवर टिकेल, ढेपेच्या पोत्याखाली टिकणार नाही. अशा वेळी लांब आस घ्यावा. वायसर काढून जागा करणे ही बचत नव्हे.

नट आवळण्याआधी चाक मागे ओढून चेन ताणून घ्या आणि चाक दोन्ही नळ्यांच्या मधोमध आहे ना ते पाहा. मग दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा. पट्टी सगळ्यात शेवटी. तिच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला तर पट्टी सरकत नाही आणि रंगही वाचतो. पुढे कधीही चेन ताणली की चाकासोबत कॅरिअरचे पायही मागे जातात, म्हणून आधी पट्टी ढिली करायची. नाहीतर कॅरिअर तिरपे ओढले जाते.

काळ्या मातीच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांनी पावसाळ्याचाही विचार करावा. कॅरिअरने मडगार्ड दाबले गेले असेल, तर टायर आणि पत्र्यातल्या फटीत चिखल बसतो आणि चाक फिरेनासे होते.

ओझे आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असावे. दोन चाकांच्या आसांमधले अंतर ११० सेंटिमीटर धरा. ३० किलोचे पोते मागच्या आसाच्या १५ सेंटिमीटर मागे ठेवले, तर पुढच्या चाकावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही. हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकडीसारखा चढ लागला, की हँडल डगमगू लागते. दूधवाले कॅन वर न ठेवता दोन्ही बाजूंना खाली अडकवतात, ते यापेक्षा शहाणपणाचे. वजन जमिनीजवळ राहते. फक्त कॅनची खालची बाजू कॅरिअरच्या पायाला बांधलेली हवी, म्हणजे तो झोके घेत तारांवर आदळत नाही.

गिअरच्या सायकलींचे प्रकरण वेगळे. काहींच्या फ्रेमला आसाजवळ आट्यांची छिद्रे असतात, बहुतेक ५ मिलिमीटरच्या बोल्टची. तिथे स्प्रिंग वायसर घाला. उजव्या बाजूचा बोल्ट आत जास्त डोकावून चेनला किंवा शेवटच्या दातेरी चक्राला घासत नाही ना, हे चाक फिरवून बघा. डिस्क ब्रेक असेल तर कॅरिअरचा पाय ब्रेकला अडतो. मग मध्ये नळीचा तुकडा घालून लांब बोल्ट लावतात, पण बोल्ट जितका लांब तितका तो वाकण्याची भीती. डिस्क ब्रेकसाठी बाहेर वाकवलेल्या पायांचेच कॅरिअर घेतलेले बरे.

नुसते सीटच्या दांड्याला पकडणारे कॅरिअर दिसायला देखणे असते. त्याचे वजन आसापर्यंत पोचतच नाही, सगळे दांड्यावर लोंबकळते. अशा कॅरिअरवर सहसा नऊ-दहा किलोंचीच मर्यादा छापलेली असते. डबा आणि दप्तरासाठी ठीक. ढेपेसाठी जुनी काळी सायकलच, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले जड ओझे वाहून झाले की सगळे नट पुन्हा एकदा तपासा, कारण रंगाचा थर दबला की ते थोडे ढिले पडतात. मागच्या टायरमध्ये हवाही पुढच्यापेक्षा जास्त ठेवा. काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४० असतात, त्या याच ओझ्यासाठी. त्या कशा कसायच्या, ते पुढच्या आठवड्यात.